यान आधी कुणाचं

११ जानेवारी २०२६, रविवार

शर्त लागली. ती मीच जिंकणार असल्यामुळे आजपासून रोजनिशी लिहायचं ठरवलंय. हरलेला माणूस काही लिहून ठेवत नाही, त्यामुळे कंप्युटरवरच्या या कारखान्याच्या खेळाबद्दल जे काही वाचायला मिळतं ते सगळं जिंकलेल्यांचं असतं. त्यात माझी थोडी भर.

शर्त कशावरून, ते आधी लिहितो. दिवाळीनंतर माझी आणि तनुजाची सुपारी फुटली. लग्न मेमध्ये. ती नांदेडची, तिथल्या एका सरकारी दवाखान्याच्या रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. मी लातूरचा, पुण्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर तपासायचं काम घरी बसून करतो. लग्नानंतर राहायचं कुठं, एवढा एकच प्रश्न उरलाय. तनुजा म्हणते, नोकरी सोडणार नाही. मी म्हणतो, आईला लातूरमधून हलवणार नाही. बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघंच आहोत. मोठ्यांनी तुमचं तुम्ही बघा म्हणून अंग काढून घेतलं. फोनवर रोज तेच ते बोलून कंटाळा आला, तेव्हा मीच म्हणालो, खेळात ठरवू.

खेळ आम्हा दोघांना येतो, हा योगायोग सुपारीच्या दिवशीच कळला होता. ओसाड ग्रहावर माणूस एकटा अडकतो. दगड फोडायचे, लोखंड वितळवायचं, त्यातून यंत्रं करायची, त्या यंत्रांकडून आणखी यंत्रं करून घ्यायची, आणि शेवटी एक यान आकाशात सोडायचं. मारामारी नाही. लढाई असते ती पुरवठ्याशी. कुठं लोखंड कमी पडतं, कुठं वीज, कुठं नुसताच माल तुंबतो.

दोघांचा ग्रह एकच. मधून नदी जाते. उत्तरेची बाजू माझी, दक्षिणेची तिची. ज्याचं यान आधी उडेल त्याच्या गावी संसार.

तनुजानं विचारलं, "काकूंना विचारलंत का?" ती अजून मला तुम्ही म्हणते. मी सांगितलं की आईचं उत्तर सगळ्या गल्लीला पाठ आहे. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच्या आधीच गल्लीतली कितीतरी घरं कुलूप लावून निघून गेली. रामलिंगमामा निलंग्याहून जीप घेऊन आम्हाला न्यायला आले होते, त्यांच्या शेतातल्या बोअरला पाणी होतं. आईनं त्यांना चहा पाजून रिकामं परत पाठवलं. अशा बाईला लातूर सोड म्हणायचं?

तनुजा बरं म्हणाली.

१८ जानेवारी, रविवार

आठवडाभर संध्याकाळी तिची ड्यूटी संपली की खेळतोय. माझी बाजू बघून कुणीही म्हणेल की हा माणूस नांदणारा आहे.

माझी पद्धत साठ्याची. खाणीतून निघालेलं लोखंड आधी गोदामात जातं. गोदामं भरली की मगच पुढच्या यंत्रांना मिळतं. तांब्याचं तसंच, कोळशाचंही तसंच. लातूरच्या माणसाला रिकामं भांडं बघवत नाही. आमच्याकडं नळ आठवड्यातून एकदा येतो, तेव्हा घरातल्या तांब्या-पेल्यांपासून गच्चीवरच्या निळ्या बॅरलांपर्यंत सगळं काठोकाठ भरलेलं पाहिजे. जे भरलेलं आहे तेच आपलं. नळाचं काय, तो येतो आणि जातो.

तनुजाच्या बाजूला एकही गोदाम नाही. खाणीतून निघालं की सरकत्या पट्ट्यावर, पट्ट्यावरून भट्टीत, भट्टीतून थेट यंत्रात. एक यंत्र बसवायच्या आधी ते किती खाईल याचा हिशेब करत बसते. तोवर माझी चार बसून होतात. मी तिला समजावलं की हाताशी काहीतरी ठेवावं, वेळ सांगून येत नाही. तिचं म्हणणं, माल थांबला की तो कुठं कमी पडतोय ते दिसत नाही. गोदावरीच्या काठी वाढलेल्या माणसाला साठ्याची किंमत कळायची नाही. मी माझ्या बाजूला 'लातूर' अशी पाटी लावली. तिनं पाटीच लावली नाही.

आज आमच्याकडं पाणी आलं. मी मोटर लावून दिली, पुढचं आई बघते. बॅरलांमधलं उरलेलं जुनं पाणी तिनं उपसून झाडांना आणि फरशीला घातलं, बॅरल घासले आणि नवं भरलं. शिळं पाणी ती ठेवत नाही. संध्याकाळी खांद्याला बाम चोळत बसली होती. थंडी आहे सध्या.

२६ जानेवारी, सोमवार

सुट्टी होती, सकाळपासून खेळलो. एक किरकोळ अडचण आली. तांब्याच्या तारा अचानक संपल्या. शोधत मागं गेलो तर तांब्याची खाण केव्हाच आटलेली. गोदामं भरलेली दिसत होती म्हणून मी तिकडं फिरकलोच नव्हतो, आणि यंत्रं इतके दिवस साठ्यावर जगत होती. दुसरा कुणी असता तर हबकला असता. मी नवी खाण जोडली, आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून गोदामं दुप्पट केली.

आई हल्ली खुर्ची घेऊन शेजारी बसते आणि बघते. सुनेशी खेळतोय म्हटल्यावर तिला खेळाचं कौतुक वाटायला लागलंय. आज तिनं बरंच काही विचारलं. तनुजाच्या घरून नदी दिसते का, त्यांच्याकडं नळ रोज येतो का, सकाळी येतो का संध्याकाळी. म्हाताऱ्या माणसांना कशाचंही कुतूहल असतं. मी नकाशावर नदी दाखवली आणि म्हणालो, ही बघ. ती म्हणाली, "ही न्हाई रे, खरी."

खालच्या भाडेकरू पंचशीलाताई, शाळेत शिकवतात, त्या गच्चीवरचा एक बॅरल घेऊन गेल्या. पाहुणे येणार असतील.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आजचा दिवस लाल शाईनं लिहायला हवा. दक्षिणेचा सगळा कारखाना काळोखात बुडाला.

झालं असं की तनुजानं नव्या भट्ट्या लावल्या आणि वीज कमी पडली. तिच्या कोळशाच्या खाणीतली यंत्रं विजेवर चालतात, आणि वीज त्याच कोळशावर. वीज कमी झाली तशी यंत्रं मंदावली, यंत्रं मंदावली तसा कोळसा कमी झाला, आणि कोळसा कमी झाला तशी वीज आणखी उतरली. एकदा ही गत लागली की कारखाना स्वतःहून उठत नाही. बाहेरून कुणीतरी कोळसा आणून बॉयलर पेटवावे लागतात. हाताशी साठा असता तर हे झालंच नसतं, पण आमचं कोण ऐकतंय.

त्यात ती खेळायला येऊ शकत नव्हती. दवाखान्यात एकदम रुग्ण वाढले होते आणि रक्तपेढीत माणसं कमी होती. चार-पाच दिवस जमणार नाही, असा दोन ओळींचा निरोप आला. म्हणजे मला रान मोकळं. मी आनंदानं यानाचा सांगाडा उभा करायला घेतला.

आई शेजारीच होती. तिनं बोट दाखवून विचारलं, "ती बाजू काळी कशानं पडली?"

मी म्हणालो, कोळसा संपला.

"तुझ्याकडं हाय का?"

"हाय की. गोदामं भरून हाय."

"मग?"

मी शर्तीबद्दल तिला काही सांगितलेलं नाही, त्यामुळे पुढं बोलता येईना. आई म्हणाली, "त्या साली आपल्या दारात कुणी घागर घेऊन आलं तर न्हाई म्हणले न्हाई मी. अर्धी का होईना, देत होते. मागायला आल्याला न्हाई म्हणत नसतेत."

मी म्हणालो, ती मागायला कुठं आलीय.

आई म्हणाली, "ती कामावर हाय. तुला दिसायलंय न्हवं?"

दिसत होतं. मुकाट्यानं नदीवर पूल टाकला, त्यावरून पट्टा नेला आणि माझ्या गोदामातला कोळसा तिच्या बॉयलरपर्यंत सोडला. एकेक करून तिकडचे दिवे लागले. खरं सांगायचं तर बघायला छान वाटलं. पण हा डावपेच नव्हे, हे नोंदवून ठेवतो. मी एवढा पुढं आहे की मला परवडतं.

८ फेब्रुवारी, रविवार

तनुजा आज आली. आपली बाजू चालू बघून कोळशाच्या पट्ट्यामागून निघाली. खेळातली तिची माणूस-बाहुली पूल ओलांडून माझ्या गोदामांपर्यंत आली आणि तिथंच उभी राहिली. मग हेडफोनमधून आवाज आला, "तू दिलास का रे हा कोळसा?"

तू म्हणाली. माझं काम दहा मिनिटं बंद पडलं.

तिनं दवाखान्यातलं सांगितलं. पिशव्या येतात, त्यावर तारीख असते, जुनी आधी बाहेर काढायची, नवी मागं ठेवायची, आणि कोणत्याही दिवशी फार साठवायचं नाही, कारण रक्त वाट बघत बसत नाही. मी ऐकत होतो, पण खरं तर ती तू म्हणाली तेच कानात होतं.

शेवटी तिनं पुन्हा विचारलं की काकूंना विचारलंस का. मी म्हणालो, जिंकल्यावर विचारायची गरजच पडणार नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. आईचा उपास. सिद्धेश्वराच्या यात्रेला तिला घेऊन गेलो. दर वर्षी दर्शन झालं की घाई करते, या वर्षी देवळात बराच वेळ बसली आणि निघताना पायरीला हात लावून आली. मी उभा राहून बटाटेवडे खाल्ले, माझा उपास जरा सैल असतो.

संध्याकाळी खेळात मोठी मजल मारली. सांगाडा पूर्ण झाला. आता फक्त इंधन. यानाला शेवाळाचा रस लागतो. तळ्यातलं शेवाळ आणायचं, गाळायचं आणि टाकीत भरायचं. सगळी टाकी भरली की उड्डाण. तनुजाचा सांगाडा अजून अर्धाच आहे. मी एका बाजूला टाक्या उभारायला सुरुवात केली. आधी सगळा रस साठवतो, मग एकदम यानात. अर्धवट भरत बसणं आपल्याला जमत नाही.

आई तनुजाशी फोनवर बोलत होती. मी खोलीत गेलो की आवाज हळू करते. साड्यांचं चाललं असणार, त्यात मी कशाला पडू.

गच्चीवर अजून एक बॅरल कमी दिसला. पंचशीलाताईंचे पाहुणे काही जायचं नाव घेत नाहीत असं दिसतंय.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

टाक्या भरत आल्या. हिरव्यागार टाक्यांची रांग दिसते तेव्हा गच्चीची आठवण येते. आईला दाखवलं. ती म्हणाली, "लई केलास की." बस, एवढंच ऐकायचं होतं.

२२ फेब्रुवारी, रविवार

लिहायची इच्छा नाही. पण रोजनिशी म्हणजे रोजनिशी.

आज उड्डाण करायचं म्हणून टाक्यांचा नळ यानाकडं सोडला, तर यानानं रस घेतलाच नाही. टाक्या उघडून बघतो तर हिरव्याचं तपकिरी झालेलं. शेवाळाचा रस नासतो. ठरावीक वेळेत वापरला नाही तर कुजतो. चित्राच्या कोपऱ्यात बारीक घड्याळ काढलेलं आहे, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेणाऱ्या माणसाला ते दिसलं नाही.

नवा रस करावा तर तो त्याच नळ्यांतून जातो, कुजक्यात मिसळतो आणि कुजतो. एकेक टाकी हातानं उपसून धुतल्याशिवाय सुटका नाही. मी डोक्याला हात लावून बसलो, तेव्हा आईनं विचारलं, काय झालं. सांगितलं. ती हसलीच. म्हणाली, "शिळं कोण ठेवतंय का? नळ आला की मी आधी बॅरल वततेय, मग भरतेय. लहानपणापासून बगायलास की."

मी म्हणालो, आई, हा खेळ आहे.

"मग खेळात तरी ध्यान ठेवायचं."

नदीपलीकडं तनुजाचा पट्टा चालू होता. तळ्यातून शेवाळ, लगेच गाळणी, लगेच यान. जास्तीचा रस ती तिथल्या तिथं जाळून टाकते. एकही टाकी नाही. माझा कोळसा अजून तिच्या बॉयलरमध्ये जातोय. पट्टा तोडावा असं एकदा मनात आलं. तोडला नाही. तोडला असता तर आईनं विचारलं असतं, आणि मला खोटं बोलता येत नाही, निदान तिच्याशी.

टाक्या धुवायला घेतल्या आहेत. अजून हरलेलो नाही.

१ मार्च, रविवार

हरलो.

माझ्या निम्म्या टाक्या धुऊन झाल्या होत्या. दुपारी चहा घेऊन बसलो तर पडदा थरथरायला लागला आणि दक्षिणेकडून धूर वर आला. तिचं यान सरळ गेलं. त्यावर तिनं आज पहिल्यांदाच पाटी लावली होती, 'कोळसा: लातूर'. मला राग येणार होता, तो आला नाही.

मी म्हणालो, शर्त म्हणजे शर्त, मेमध्ये नांदेडला येतो. तनुजा म्हणाली, "असं नको. हरलास म्हणून येऊ नको, हरी. काकूंना विचार. त्या न्हाई म्हणल्या तर मी शर्तीचं नावसुद्धा काढणार न्हाई. मग आठवड्याच्या आठवड्याला गाडीनं ये-जा करू, काहीतरी करू. पण आधी विचार तू."

तिनं हे मला कितीदा सांगितलंय ते बघायला मागची पानं चाळली. एकदा मी तिला आईचं उत्तर ऐकवलंय, एकदा गरजच नाही म्हणालोय. आईला प्रश्न मात्र कुठंच विचारलेला नाही.

आता खरी भीती वाटतेय. आईला गल्ली सोड कसं म्हणायचं? ती माझ्या तोंडाकडं बघून हो म्हणेल आणि नांदेडला जाऊन झुरेल. त्यापेक्षा मी जिंकायला हवं होतं.

२ मार्च, सोमवार

काम आटोपून चारच्या सुमाराला गच्चीवर गेलो. वाक्य पाठ करून गेलो होतो. आई कठड्यापाशी उन्हात बसली होती. गच्चीवर बॅरलच नव्हते. एकच होता, तोही रिकामा, उपडा घातलेला. पाठ केलेलं वाक्य मी तिथंच विसरलो. मी विचारलं, बाकीचे कुठं गेले.

"दिले. दोन पंचशीलाला, बाकी गल्लीत. तिला सांगितलंय, घरावर ध्यान ठेव म्हणून."

मी खाली बसलो. मग विचारलं, आणि खरंच विचारलं, उत्तर माहीत नसल्यासारखं, "आई, तुला लातूरलाच राहायचंय का?"

आई म्हणाली, "आता इचारलास व्हय." मग तिनं खांदा दाखवला, हा आता वर होत नाही म्हणाली. पाण्याच्या दिवशी सगळं अंग ठणकतं, पण मी खेळात नाहीतर कामाच्या फोनवर असतो म्हणून ती बोलत नाही. तनुजाला तिनं संक्रांतीलाच सांगून टाकलं होतं की मला तुमच्याकडं यायचंय, पण हरिओमला त्याचं त्याला कळू दे, त्याला लातूरचा लई अभिमान आहे. म्हणजे तनुजाला सगळं माहीत होतं, आणि तरी ती माझ्याशी यानासाठी झुंजत राहिली.

मी म्हणालो, "पण त्या साली मामा जीप घेऊन आले तेव्हा तू गेली न्हाईस की. सगळे गेले, तू राहिलीस."

"तुझी धाव्वीची परीक्षा होती," आई म्हणाली. "तुला घेऊन कुठं जाऊ? पेपर कोण दिला असता? पाण्यावाचून हौसेनं राहतंय का कोणी?"

दहा वर्षं मी ही गोष्ट चारचौघांत मोठ्या आवाजात सांगत आलो. सुपारीच्या दिवशी तनुजाच्या वडिलांनाही सांगितली होती, चंद्रप्पामामांना, आणि आई शेजारी बसून ऐकत होती. तिनं तेव्हाही मला अडवलं नाही. मी तिचा खांदा दाबायला घेतला तर म्हणाली, राहू दे, चहा कर.

चहा केला. दोघं गच्चीवरच प्यायलो. ती नांदेडच्या नदीबद्दल बोलत होती, घाट कुठं, देऊळ कुठं, तनुजाच्या घरापासून चालत किती. तनुजानं तिला सगळं सांगून ठेवलंय.

शेवटी तो उपडा बॅरल दाखवून मी विचारलं, हा कुणाला द्यायचा.

"ह्यो न्हाई द्यायचा. ह्यो बरोबर न्यायचा."

"आई, तिथं नळ रोज येतो."

"येऊ दे. एक भरलेला असावा घरात. सकाळी झाडाला वतीन आणि नवं भरीन."

यावर तनुजासुद्धा काही म्हणणार नाही. रोज भरायचा, रोज ओतायचा, म्हणजे तो साठा झालाच नाही. संध्याकाळी मी बॅरल धुऊन पुसला आणि सहज म्हणून माझा कंप्युटर आत धरून बघितला. आईच्या दोन गोधड्यांत गुंडाळला तर नीट बसतो.